सरासरी जुळली, दाणे जुळले नाहीत : अ‍ॅपेटाइटमधील भंजनमाग मोजण्याचे एक प्रकरण

मुंबईच्या उपनगरातील एका शैक्षणिक संस्थेच्या भूशास्त्र प्रयोगशाळेत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पट्टिताश्मांवर (नाइस खडकांवर) भंजनमाग (फिशन ट्रॅक) पद्धतीने काम चालू होते; अणूंच्या भंजनाने स्फटिकात उमटलेल्या वाटा मोजून खडक केव्हा थंड झाला, हे या पद्धतीने काढतात. संशोधक विद्यार्थिनीने अ‍ॅपेटाइट या खनिजाच्या दाण्यांवरील माग, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘ट्रॅक’, सूक्ष्मदर्शकातून टिपले होते आणि छायाचित्रांतून ते मोजणारी एक छोटी आज्ञावली ‘इमेजजे’ या मोफत प्रतिमा-विश्लेषण प्रणालीवर लिहिली होती. तेच दाणे तिने डोळ्यांनीही मोजले होते. सर्व दाण्यांची मिळून काढलेली सरासरी दोन्ही पद्धतींत इतकी जवळ आली, की पुढची सगळी मोजणी संगणकावर सोपवावी, असे मार्गदर्शकांनी जवळजवळ ठरवले होते. त्याआधी बाहेरच्या कोणी तरी आकडे एकदा पाहावेत, म्हणून ती कागदपत्रे माझ्याकडे आली.

मुंबईत बसून सिंधुदुर्गातले खडक कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. मुंबईच्या पायाखालचा खडक मुख्यतः दख्खनचा बेसॉल्ट आहे आणि त्यातले अ‍ॅपेटाइट बहुधा सुईसारखे बारीक असते; पॉलिश करून त्यावर काही मोजावे एवढे पृष्ठ त्यातून मिळत नाही. ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म यांत मात्र पुरेसे मोठे दाणे सापडतात, आणि ते मिळवायला दक्षिण कोकणात जावे लागते.

पद्धतीचे मूळ थोडक्यात असे. युरेनियम-२३८ चा अणू बहुतेक वेळा अल्फा कण सोडून बदलतो; सुमारे १८ लाख विघटनांमागे एखाद्या वेळी मात्र त्याचे केंद्रक आपोआप दुभंगते. दोन जड तुकडे विरुद्ध दिशांना फेकले जातात आणि स्फटिकाच्या जालकात काही नॅनोमीटर रुंदीची विस्कटलेली वाट मागे राहते. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाही. पॉलिश केलेला दाणा सौम्य नायट्रिक आम्लात काही सेकंद बुडवला की आम्ल त्या वाटेत आधी शिरते, ती रुंदावते आणि ट्रॅक दिसू लागतो. आम्लाने कोरलेल्या ताज्या ट्रॅकची लांबी अ‍ॅपेटाइटमध्ये साधारण १६ मायक्रोमीटर भरते. असे ट्रॅक रासायनिक रीतीने उघड करता येतात, हे १९५८ मध्ये लिथियम फ्लोराइडवर दाखवले गेले. १९५९ मध्ये ते अभ्रकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आणि पुढच्या काही वर्षांत फ्लायशर, प्राइस व वॉकर यांनी त्यांतून कालमापनाची पद्धत उभी केली. अ‍ॅपेटाइटमधले ट्रॅक सुमारे ६० ते १२० अंश सेल्सिअस या पट्ट्यात हळूहळू भरून येतात व आखूड होतात. त्यामुळे मिळणारे वय खडकाच्या जन्माचे नसते. वरचा थर झिजत गेल्याने खडक केव्हा आणि कसा थंड झाला, याची ती नोंद असते. सह्याद्रीचा कडा आणि कोकणपट्टी यांच्या घडणीत रस असणाऱ्यांना ही पद्धत हवी असते ती याच कारणासाठी.

आता प्रकरणाकडे. मी सर्वप्रथम सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक दाण्याचे दोन आकडे समोरासमोर मांडून पाहिले. काही दाण्यांत संगणकाने माणसापेक्षा स्पष्टपणे जास्त ट्रॅक मोजले होते, काहींत स्पष्टपणे कमी. जास्तीचे सगळे दाणे विरळ ट्रॅकचे होते आणि कमीचे दाट ट्रॅकचे. दोन विरुद्ध चुका एकमेकींना खात होत्या आणि सरासरी निष्कलंक दिसत होती. उद्या केवळ युरेनियम-समृद्ध दाण्यांचा नमुना आला असता, तर हा समतोल तिथल्या तिथे मोडला असता.

मार्गदर्शकांचा आक्षेप रास्त होता. त्यांचे म्हणणे, प्रमाण म्हणून वापरलेल्या मेक्सिकोतील दुरांगो अ‍ॅपेटाइटवर हीच आज्ञावली उत्तम चालली होती. मग तिच्यात दोष कसा? याचे उत्तर साध्या हिशेबातून मिळते. अ‍ॅपेटाइटमध्ये दशलक्ष भागांत १० भाग युरेनियम असेल आणि दाणा १०० दशलक्ष वर्षे थंड राहिला असेल, तर १०० मायक्रोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात सुमारे ५० ट्रॅक पृष्ठभाग छेदताना दिसायला हवेत. दुरांगोत युरेनियम साधारण एवढेच असते आणि वय ३१.४ दशलक्ष वर्षे. म्हणजे त्याच चौकोनात जेमतेम १६ ट्रॅक. याउलट ३० भाग युरेनियम असलेल्या आणि २०० दशलक्ष वर्षे ट्रॅक साठवलेल्या दाण्यात ती संख्या ३०० च्या पुढे जाते. पारगामी प्रकाशात, म्हणजे खालून आलेल्या उजेडात, ट्रॅक वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या काळ्या रेषांसारखे दिसतात. त्यांची दिसणारी लांबी सरासरी ५ मायक्रोमीटर धरली, तर दुरांगोत दुसऱ्या रेषेला छेदणाऱ्या रेषा शंभरात दोन-तीन निघतात आणि दाट दाण्यात सुमारे ४०. आज्ञावली एकमेकांना चिकटलेल्या काळ्या ठिपक्यांचा एकच ठिपका धरते. शिवाय दुरांगोचे स्फटिक मोठे, स्वच्छ आणि दोषांपासून बरेचसे मुक्त असतात. त्यावर आज्ञावली तपासणे म्हणजे तिला अवघड असा एकही प्रश्न न विचारणे होय.

विरळ दाण्यांतल्या जास्तीच्या मोजणीचे कारण निराळे निघाले. काळे-पांढरे वेगळे करण्यासाठी आज्ञावली १९७९ सालची ओत्सू यांची रीत वापरत होती. प्रतिमेतील उजळ आणि गडद बिंदूंचे दोन गट पडतात, असे गृहीत धरून ही रीत त्यांच्यामधली सीमा स्वतः ठरवते. दोन्ही गट पुरेसे मोठे असतील तेव्हा ती चांगली चालते. विरळ दाण्यात ट्रॅकने व्यापलेला भाग इतका कमी असतो, की सीमा पार्श्वभूमीतच सरकते आणि फिकट बुडबुडे, स्फटिकातील इतर खनिजांचे कण, भिंगावरची धूळ असे सगळे ‘गडद’ ठरते. (पावसाळ्यात मुंबईत वस्तुभिंगांवर बुरशी धरते, सिलिका जेल वेळेवर बदलले नाही, तर ती बुरशीही प्रत्येक छायाचित्रात एकाच जागी ‘ट्रॅक’ म्हणून हजेरी लावते. या प्रकल्पात एका भिंगाने तसे केलेच होते, आणि प्रतिमा एकमेकींवर ठेवताच ते उघड झाले.) पट्टिताश्मातील अ‍ॅपेटाइटमध्ये द्रवाचे बुडबुडे आणि जालकातले रेषीय दोष पुष्कळ. आम्ल हे दोषही कोरते, आणि घाईत पाहणाऱ्याला ते ट्रॅकच वाटतात. फरक इतकाच, की दोषांचे खड्डे बहुधा ओळीने येतात, एकमेकांना समांतर असतात आणि त्यांची लांबी ट्रॅकच्या मर्यादेत राहत नाही.

यावरचा ठाऊक असलेला उपाय म्हणजे एकच जागा दोन प्रकाशांत टिपणे. परावर्तित प्रकाशात पृष्ठभाग उजळ दिसतो आणि त्यावर फक्त खड्ड्यांची तोंडे व पॉलिशचे ओरखडे उमटतात; पारगामी प्रकाशात ट्रॅकची पूर्ण काया आणि आतले बुडबुडे दिसतात. दोन्हींत एकाच जागी असेल तेवढेच ट्रॅक मानले, तर ओरखडे आणि बुडबुडे एकाच झटक्यात गळतात. मेलबर्नमधील ग्लीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्वयंचलित मोजणीसाठी ही रीत मांडली. या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाला परावर्तित प्रकाशाची सोय होती. ती धातूंची खनिजे तपासण्यापुरती वापरली जाई आणि या कामासाठी कोणी सुरू केली नव्हती.

ती सुरू केल्यावर मात्र एक अनपेक्षित गोष्ट समोर आली, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा तोच आहे. अनोळखी, म्हणजे सिंधुदुर्गाच्या नमुन्यांतील खड्ड्यांची तोंडे अवास्तव मोठी होती. अ‍ॅपेटाइटच्या मुख्य अक्षाला समांतर कापलेल्या पृष्ठावर सगळे खड्डे एकाच दिशेला लांबट दिसतात, आणि त्या दिशेतली त्यांची लांबी हे मोजण्याजोगे माप असते. ५.५ मोलर नायट्रिक आम्ल, २१ अंश आणि २० सेकंद या प्रचलित पद्धतीत दुरांगोसाठी ते सुमारे १.८ मायक्रोमीटर येते. प्रकल्पाच्या दुरांगो तबकड्यांवरही (दाणे इपॉक्सीत बसवून पॉलिश केलेल्या चकत्यांवरही) तेवढेच आले. त्या मात्र बाहेरून तयार होऊन आलेल्या होत्या. सिंधुदुर्गाच्या तबकड्या इथेच, उन्हाळ्यात कोरल्या गेल्या होत्या. जलकुंडाबद्दल विचारले तेव्हा प्रयोगशाळा साहाय्यकांनी सरळ सांगितले, “सर, हा बाथ पाणी तापवतो, गार करत नाही. मे महिन्यात नळालाच तीसच्या वर पाणी येतं, त्यात एकवीस कुठून आणायचं?” नोंदवहीत ‘खोलीचे तापमान’ एवढेच लिहिलेले होते. युरोपातल्या प्रयोगशाळेत या शब्दांतून २० अंशांच्या आसपासचा आकडा समजायला हरकत नाही. मुंबईत त्यांतून काहीच समजत नाही.

तापमान वाढले की आम्ल वेगाने कोरते. समजा तोंडाचे माप २ गुणिले ०.६ मायक्रोमीटर आहे. वर सांगितलेल्या दाट दाण्यात सुमारे १४ टक्के खड्डे शेजाऱ्याला टेकतात. तेच माप दीडपट होऊन ३ गुणिले ०.९ झाले, की टेकणारे खड्डे २८ टक्क्यांवर जातात. दोन टेकलेले खड्डे एक मोजले गेले, तर घट साधारण ७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर पोहोचते आणि २०० दशलक्ष वर्षांचा दाणा १७० चा दिसू लागतो. म्हणजे परावर्तित प्रकाश घेतला तरी दाट दाण्यांचा प्रश्न पुरता सुटत नव्हता. त्याचे मूळ आज्ञावलीच्या आधी, आम्लाच्या चंचुपात्रात होते. मोजणीच्या चर्चेत सगळ्यांचे लक्ष संगणकाकडे असते आणि वीस सेकंदांच्या रसायनाकडे कोणी पाहत नाही, हा अनुभव मला नवा नाही.

या चुकीचे दोन परिणाम मोजणीपेक्षाही घातक ठरले असते. खड्ड्याच्या तोंडाची लांबी अ‍ॅपेटाइटच्या रासायनिक घडणीचे सूचक म्हणूनही वापरली जाते: क्लोरीन जास्त असलेल्या दाण्यांत ती मोठी येते, आणि असे दाणे उष्णतेला सहजासहजी दाद देत नाहीत, म्हणजे त्यांतले ट्रॅक भरून यायला जास्त तापमान लागते. जास्त कोरलेले फ्लोर-अ‍ॅपेटाइट (फ्लोरीनयुक्त अ‍ॅपेटाइट) त्यामुळे क्लोरीनयुक्त समजले जाते आणि खडक प्रत्यक्षापेक्षा अधिक तापला होता, असे प्रतिमान सांगू लागते. दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. संगणकाच्या आकड्यांवरून काढलेली दाण्यांची वये युरेनियमच्या प्रमाणानुसार उतरत होती: युरेनियम जास्त, वय कमी. २००५ मध्ये उत्तर युरोपातील फेनोस्कँडियाच्या खडकांवरून असाच उलटा संबंध मांडून, अल्फा किरणोत्साराने झालेली हानी ट्रॅक भरून येण्यास हातभार लावते, असा दावा केला गेला होता, आणि त्यावर बराच वाद झाला. आपल्या विद्यार्थिनीच्या मसुद्यात त्या दाव्याला दुजोरा देणारा परिच्छेद आधीच लिहून तयार होता. तो संबंध तिच्या हाताच्या मोजणीत जवळजवळ नाहीसा होतो, हे तक्ता शेजारी ठेवल्यावर तिनेच दाखवून दिले.

पण हाताची मोजणी तरी खरी कशावरून? दाट दाण्यात माणूसही चुकतो. इथे मला मुंबईतलीच एक जुनी परंपरा कामाची वाटली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी छायाचित्रण-पायसाच्या (फोटोग्राफिक इमल्शनच्या) पट्ट्यांवरील कणांच्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली शोधल्या जात, आणि पुढे देवेंद्र लाल यांच्या गटाने उल्कांच्या स्फटिकांत कोरलेले विश्वकिरणांचे ट्रॅक अभ्यासले. अशा शोधकामात वापरली जाणारी दुहेरी तपासणीची रीत सोपी आहे. दोन निरीक्षक तीच जागा एकमेकांना न विचारता पाहतात. पहिल्याला ९० दिसले, दुसऱ्याला ८०, आणि त्यांतले ७२ दोघांना सामाईक, तर ९० गुणिले ८० भागिले ७२, म्हणजे एकूण १०० असावेत. पहिल्याची कार्यक्षमता ९० टक्के आणि दुसऱ्याची ८०. यासाठी नुसती संख्या पुरत नाही. प्रत्येक ट्रॅकची जागा नोंदवावी लागते. संगणक ती आपोआप नोंदवतो, आणि माणसाकडून ती घेण्यासाठी पडद्यावर टिचकी मारून खूण करणे पुरेसे असते. या प्रकल्पात विद्यार्थिनी, दुसरा प्रशिक्षित निरीक्षक आणि आज्ञावली अशा तिघांच्या खुणा एकाच प्रतिमेवर घेतल्या गेल्या. चुकीने धरलेले बुडबुडे आधी एकत्र बसून वगळावे लागतात, नाहीतर हिशेब फुगतो. आणि सूत्राची एक अट विसरता कामा नये: दोघांचे चुकणे परस्परांशी असंबद्ध हवे. एकमेकांवर चढलेले ट्रॅक माणसालाही अवघड आणि संगणकालाही अवघड. म्हणून दाट दाण्यांत या सूत्राने आलेला आकडा किमान मर्यादा समजावा.

याच ठिकाणी झीटा या गुणकाचा मुद्दा येतो. प्रचलित पद्धतीत पॉलिश केलेल्या दाण्यांवर अभ्रकाचा पापुद्रा चिकटवून सगळे अणुभट्टीत न्यूट्रॉनांखाली ठेवतात. युरेनियम-२३५ च्या भंजनाचे ट्रॅक अभ्रकात उमटतात आणि त्यांवरून दाण्यातले युरेनियम कळते. वय येते ते अ‍ॅपेटाइटमधील आणि अभ्रकातील ट्रॅकच्या गुणोत्तरातून. त्याला गुणायचा झीटा हा अंक प्रत्येक निरीक्षक ज्ञात वयाचे प्रमाण नमुने मोजून स्वतःसाठी काढतो. त्यामुळे कोणाचे अस्पष्ट ट्रॅक धरण्याचे, कोणाचे सोडण्याचे वळण त्या अंकातच सामावले जाते. विद्यार्थिनीने संगणकाच्या मोजणीला स्वतःचा झीटा लावला होता. तिच्या डोळ्यांच्या सवयी संगणकाला नाहीत आणि संगणकाच्या तिला नाहीत. तेव्हा तो अंक तिथे चालत नाही. अंश आणि छेद या दोन्हींत सारखीच चूक होऊन ती छेदली जाईल, ही आशाही व्यर्थ आहे. अभ्रकावरचे खड्डे चौकटच्या आकाराचे, पार्श्वभूमी स्वच्छ आणि दाटी न्यूट्रॉनांच्या मात्रेवरून आपणच ठरवलेली असते. तिथे आज्ञावली फारशी चुकत नाही. ती चुकते अ‍ॅपेटाइटवर. शिवाय दाटीनुसार बदलणारी चूक कोणताही एक स्थिरांक भरून काढू शकत नाही.

लांबीच्या मोजमापाबद्दल थोडेच सांगायचे आहे. पृष्ठाखाली बंदिस्त आणि तिरप्या ट्रॅकची लांबी काढताना सूक्ष्मदर्शकाचा फोकस बदलताना मंच जितका हलला, तितकीच खोली आज्ञावलीने धरली होती. कोरड्या वस्तुभिंगाखाली अ‍ॅपेटाइटमधली खरी खोली त्याच्या वक्रीभवनांकाइतक्या, म्हणजे सुमारे १.६३ पटींनी अधिक असते. आडवी लांबी १४ आणि मंचाची हालचाल ३ मायक्रोमीटर असेल, तर लांबी १४.३ नव्हे, १४.८ येते. ही दुरुस्ती एका ओळीची होती. इमारतीजवळून लोकल गेली की शंभरपट भिंगाखालची प्रतिमा थरथरते, ही अडचण मात्र आज्ञावलीत सुटणारी नव्हती. कंपनरोधक पाट येईपर्यंत लांबीसाठीची छायाचित्रे रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर घेण्याचे ठरले.

मार्गदर्शकांना एक वेगळा मार्ग सुचत होता: आज्ञावली टाकून देऊन कृत्रिम न्यूरल जाळे शिकवावे. घेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये भंजनमागांसाठी तशी प्रणाली प्रसिद्ध केली आहे, आणि चिकटलेले ट्रॅक वेगळे ओळखण्यात असे जाळे साध्या काळ्या-पांढऱ्या विभागणीपेक्षा निश्चितच सरस ठरू शकते. पण जाळे शिकते ते माणसाने खुणा केलेल्या प्रतिमांवरून. जास्त कोरलेल्या तबकड्यांवर ते शिकवले, तर तिथली दाटी ते प्रमाण समजेल. त्यामुळे त्याचा विचार तबकड्या सुधारल्यानंतर करावा, असे मी कळवले आणि ते मान्य झाले.

जास्त कोरलेला पृष्ठभाग मागे नेता येत नाही. सुदैवाने तीन नमुन्यांचे वेगळे केलेले अ‍ॅपेटाइट शिल्लक होते. त्यांच्या नव्या तबकड्या बनवताना प्रत्येकीत दुरांगोचे काही दाणे त्याच इपॉक्सीत बसवले गेले, जेणेकरून कोरण्याची साक्ष तबकडीतच राहावी. आम्लाचे पात्र बर्फ घातलेल्या पाण्याच्या मोठ्या टबात ठेवले गेले, तापमापी टबाऐवजी आम्लातच बुडवला गेला, आणि नोंदवहीत आता सुरुवातीचे व शेवटचे अशी दोन तापमाने लिहिली जातात. आज्ञावलीसाठी स्वतंत्र झीटा काढायला दुरांगोबरोबर सुमारे ९९ दशलक्ष वर्षे वयाचे ऑस्ट्रेलियातील माउंट ड्रोमेडरीचे अ‍ॅपेटाइटही घ्यायचे ठरले. तोपर्यंत संगणकाची मोजणी फक्त विरळ आणि मध्यम दाटीच्या दाण्यांपुरती स्वीकारायची. त्यापलीकडचे दाणे वगळायचे नाहीत, कारण ते वगळले की युरेनियम-समृद्ध दाण्यांचीच निवड करून गळती होते. ते दोन निरीक्षकांनी मोजायचे. ज्या नमुन्यांचे अ‍ॅपेटाइट संपले आहे, त्यांच्या जुन्या तबकड्या पुन्हा खोलवर पॉलिश करून खालचे कोरे पृष्ठ उघडता येईल; मात्र अभ्रकावरची त्या दाण्यांची जुनी जोडी तेव्हा निरुपयोगी होते, आणि न्यूट्रॉनांचा मारा नव्याने घ्यावा लागतो. त्या तबकड्यांवरून आधी मोजलेल्या लांब्या प्रबंधातून काढून टाकण्यात आल्या आहेत.